अर्ध्या टेंभुर्णीची आई

टेंभुर्णी, २१ जुलै २०२५

गंधे,

फोन केला की तू "हं, हं" करत तिकडं दुसऱ्याशीच बोलत असतीस, म्हणून हा मेल. खरं कारण दुसरंच हाय. लिपिकाच्या परीक्षेला मराठी टायपिंग लागतं अन् माझी बोटं अजून अडखळतात. सरावाच्या पुस्तकातले उतारे टायपून जीव कंटाळला, सगळे शिस्तीवर न्हाईतर स्वच्छतेवर. त्याच्यापेक्षा तुला शिव्या टायपल्या तर वेग बरा येतो, हे मी करून बघितलंय.

जिल्ह्याच्या लिपिकभरतीचा फॉर्म मी जूनमधीच भरला. डिसेंबरात मला त्रेचाळीस पुरे होतील, मंग वयाच्या अटीतून कायमची बाहेर. बारा वर्षं कॉम्प्युटर सेंटरात बसून दुसऱ्यांच्या नोकऱ्यांचे फॉर्म भरले, कितीतरी पोरंपोरी माझ्या हातून तलाठी अन् शिपाई झाली. आता ही एक भरती माझी. ही गेली की गेली.

आता कामाचं. माझा कॉम्प्युटर म्हशीसारखा बसून राह्यलाय, उठता उठत न्हाई. तू पुण्यात बसून कोणती वेबसाइट कोणत्या ब्राउझरमधी मोडती हे बघायचाच पगार घेतीस, तर मैत्रिणीला फुकट सांग.

माझ्याकडं तीन ब्राउझर हायत. क्रोमला गाव भिंगरी म्हणतं. मशिनीसोबत आलेला निळा लाटेचा एक हाय, त्याला कुणी विचारत न्हाई. अन् फायरफॉक्स, म्हणजे कोल्हा. तर या कोल्ह्याला गावात बंदी हाय. हसू नको. शेळीगटाच्या योजनेचे फॉर्म चालू झाले, पहिलाच आला आमच्या गल्लीतला कारभारी. मी कोल्हा उघडला तर म्हातारा खुर्चीवरून उठला. "शेळ्यांचा फॉर्म अन् कोल्ह्याच्या तोंडात? तुला अक्कल हाय का?" मी म्हणलं, आजोबा, हे चित्र हाय. तो म्हणला, चित्र तर चित्र, करडं माझी हायत. तेव्हापासून शेळ्यावाले सगळे रांगेत उभं राहून आधी विचारतात, भिंगरीच हाय ना? मंग सगळेच्या सगळे फॉर्म मी भिंगरीतच भरले.

दुसरं म्हणजे टॅब. रेशनच्या दुकानापुढं लोक पिशवी ठेवून जातात ना, नंबर धरायला? तसं इथं टॅब ठेवून जातात. "अंजूताई, माझा टॅब मिटू नको, नंबर जाईल." आज मोजले, एकाहत्तर निघाले. अप्पारावचा टॅब मार्चपासून हाय. त्यात फक्त "सर्व्हर व्यस्त आहे" एवढंच लिहिलेलंय, तरी तो दर सोमवारी येऊन बघून जातो, अन् समाधानानं जातो.

सांग जल्दी, कोणता ठेवू अन् कोणता काढू.

तुझी,
अंजू

•

पुणे, २३ जुलै २०२५

अंजे,

तुझा मेल मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवला. आमचा टीम लीडर म्हणाला, इतकी वर्षं ब्राउझर तपासतोय, पण गुराढोरांच्या सुरक्षिततेचा निकष आपण कधी लावलाच नाही.

हे बघ, तिन्हींपैकी वाईट कुठलाच नाही. जालन्याच्या होस्टेलवर आपल्या खोलीत तीन कंगवे होते आणि तू रोज सकाळी भांडायचीस की माझाच चांगला. तसंच आहे हे. तुझी मशीन बसलीय ती एकाहत्तर टॅबांच्या ओझ्यानं. टॅब म्हणजे नंबर नव्हे. तिकडच्या सर्व्हरला पत्ताही नसतो की टेंभुर्णीत अप्पाराव नावाचा माणूस मार्चपासून वाट बघतोय. सगळे मीट. अप्पारावाला कागदावर नंबर लिहून दे, त्याला तेवढंच हवंय.

आता मला दुसरीच काळजी लागलीय. तू अख्ख्या गावाचे फॉर्म एकाच ब्राउझरमध्ये भरतेस आणि तो आधीचं टाइप केलेलं लक्षात ठेवतो. रकान्यात गेलं की खाली सुचवतो आणि आपण बाणाची कळ दाबून एंटर मारतो. हे स्वतःच्या घरी ठीक आहे, सेंटरात नाही. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी खासगी विंडो उघडत जा, ती मिटली की सगळं विसरते. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोफिल बंद कर. आणि आत्तापर्यंत भरलेले शेळ्यांचे फॉर्म एकदा उघडून बघ. कुणाचं काय कुणाला चिकटलंय ते कळेल.

तुझ्या लिपिकाच्या फॉर्मचा नोंदणी क्रमांक पाठव, हॉलतिकिटावर मी इथून लक्ष ठेवते. जन्मतारीख मला पाठ आहे, तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला तू आठवण करून देतेस.

गंधाली

•

टेंभुर्णी, २८ जुलै २०२५

गंधे,

तुझ्या तोंडाला कुलूप लावायला पाहिजे. तू बघ म्हणलीस, मी बघितलं, अन् आता गावात तोंड दाखवायला जागा न्हाई.

गाव टेंभुर्णी, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना, हे सगळ्यांचं सारखंच. ते मी टायपत न्हाईच. बाण, एंटर, बाण, एंटर, चार वेळा. त्या फॉर्मात तालुका अन् जिल्ह्याच्या मधी एक रकाना हाय, आईचे नाव. बोटाला कुठं कळतंय की मधी आई आली? बाण, एंटर. अडतीस फॉर्म, अन् अडतीसही माणसांची आई एकच. गोपिकाबाई.

गोपिकाबाई म्हणजे माझी चुलती. तू तिला एकदा बघितलंय, होस्टेलवर तिळाच्या चटणीचा डबा घेऊन आल्ती अन् वॉर्डनलाच झाडून गेल्ती. ती एकसष्ट वर्षांची. कारभारी अडुसष्टचा. म्हणजे पोरगा आईच्या सात वर्षं आधी जन्मला. वसंता अन् त्याची बायको शिवकन्या, दोघांचे फॉर्म एकाच दिवशी भरले, तर सरकारदरबारी ते आता सख्खे भाऊबहीण. शिवकन्याला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली, वसंता मातर तोंड वाकडं करून गेला. म्हणला, हे कुणाला सांगू नको. तोवर पाण्याच्या टाकीपर्यंत गेल्तं.

काकूला कळलं. तिला लिहिता-वाचता येत न्हाई, पण गावातलं काही कळायला तिला अक्षरं लागत न्हाईत. सेंटरात आली, पदर खोचून उभी राह्यली अन् म्हणली, "डिंकाचा एक लाडू खाल्ला न्हाई, अन् अडतीस लेकरं?" तिला मूलबाळ न्हाई हे गावाला ठाऊक, म्हणून कुणाला हसायचा धीर होईना. तर ती स्वतःच हसायला लागली. तेव्हापासून तिची चैन चाललीय. कारभाऱ्याशी ती बांधाच्या भांडणामुळं बारा वर्षं बोलत नव्हती. काल तो आडवा आला तर म्हणली, "कारभारी, आईला वाट सोड." तो बिलकुल गपचूप बाजूला झाला.

पण हसण्यावारी न्यायचं न्हाई. कागदपत्रांशी आईचं नाव जुळलं न्हाई तर फॉर्म बाद. चूक माझी, शेळ्या त्यांच्या. दुरुस्ती करायला गेले तर भिंगरीत दुरुस्तीचं बटणच दिसंना. ते नाव ब्राउझरमधी कुठून आलं देव जाणे.

काहीतरी सुचव.

अंजू

•

पुणे, २९ जुलै २०२५

अंजे,

मी तुमचं पोर्टल इथून तिन्ही ब्राउझरवर उघडून बघितलं. भिंगरीचा दोष नाही आणि लाटेचाही नाही. बनवणाऱ्यानं ते स्वतःच्या मशीनवर एकाच ब्राउझरमध्ये चालवून बघितलं, चहा प्यायला आणि घरी गेला. बाकी दोन्हींत ते बटण एका जाहिरातीच्या पट्टीखाली दबलंय. कुठं दिसतं माहीत आहे? कोल्ह्यात. मी इथं टेबलावर डोकं ठेवून हसले.

देव जाणे वगैरे काही नाही. ब्राउझर स्वतःच्या मनानं नावं काढत नाही. कुणीतरी "आईचे नाव" या रकान्यात हातानं गोपिकाबाई असं टाइप केलं, तेव्हाच ते त्याच्या डोक्यात बसलं. रकान्याचं नाव सारखं असलं की तो दुसऱ्या वेबसाइटवरही तेच सुचवतो. आणि काकूंना मूल नाही म्हणतेस. मग पहिल्यांदा कुणाच्या फॉर्मात?

ते जाऊ दे. आधी तुझा लिपिकाचा फॉर्म उघडून बघ. तोही त्याच मशीनवर भरलास ना? मी त्यांची जाहिरात वाचलीय. कागदपत्रांशी आईचं नाव जुळलं नाही तर उमेदवार पडताळणीतच बाहेर, परीक्षेत कितीही मार्क असोत. दुरुस्तीची खिडकी ४ ऑगस्टला उघडतेय आणि शुक्रवारी, ८ तारखेला, संध्याकाळी पाचला बंद होतेय. एकदाच. तुला पुढची भरती नाही, हे तूच लिहिलंस.

तुझ्या शाळेच्या दाखल्यावर सुभद्रा आहे. मला आठवतंय, कॉलेजच्या फॉर्मवर मीच भरलं होतं.

गंधाली

•

टेंभुर्णी, ५ ऑगस्ट २०२५

गंधे,

अडतीसच्या अडतीस झाले. आज सांजच्याला शेवटचा.

सदतीस लोक कसेबसे कोल्ह्यात शिरले. अप्पाराव तर म्हणला, लांडगा असला तरी चालंल, माझा नंबर लाव. अडलं ते कारभाऱ्यापाशी. दाराबाहेर चप्पल काढून उंबऱ्यावर बसला. म्हणला, गोपिकाबाई आई राहू दे, मला चालती, पण कोल्ह्यात मी जात न्हाई. म्हणलं, आजोबा, शेळ्या मिळणार न्हाईत. तर म्हणला, मिळाल्या अन् कोल्ह्यानं खाल्ल्या, त्यापेक्षा न मिळालेल्या बऱ्या. दीड घंटा गेला त्याच्यापायी. शेवटी मी स्क्रीनवरचं कोल्ह्याचं चित्रच बदललं अन् त्या जागी बोकडाचा फोटो लावला, शिंगं अशी वळलेली. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून बघितलं. "हां, हे बराबर. हे आधी का न्हाई आणलं?" त्याच्या आईचं खरं नाव चंद्रभागा. ते टायपलं तेव्हा तो म्हणला, जरा थांब, वाचून दाखव. मी वाचलं. म्हणला, लई दिवसांनी कुणी तिचं नाव घेतलं. मंग उठून गेला.

माझा फॉर्म पण बघितला. नीट केला. झालं.

टायपिंग आता मिनिटाला तेहतीस शब्द येतंय.

अंजू

•

पुणे, ६ ऑगस्ट २०२५

अंजू,

मी तुझा फॉर्म उघडला. नोंदणी क्रमांक तूच पाठवला होतास. आईचे नाव: गोपिकाबाई. शेवटची दुरुस्ती: एकही नाही.

कारभाऱ्याच्या हट्टावर इतकं लिहिलंस आणि स्वतःच्या नोकरीवर सात शब्द. तेव्हाच मला वास आला होता. तू खोटं लिहिलंस की आपोआप आखूड लिहितेस, होस्टेलपासूनची सवय आहे तुझी.

आणखी एक. फॉर्म भरल्याची तारीख १४ जून आहे. शेळ्यांची योजना सुरू झाली जुलैत. म्हणजे तुझा फॉर्म पहिला. ते नाव ब्राउझरनं तुला दिलं नाही, तू ब्राउझरला दिलंस.

का? रागावत नाही. थोडी रागावलेय. पण आधी सांग.

गंधाली

•

टेंभुर्णी, ७ ऑगस्ट २०२५

गंधाली,

हो. हातानंच टायपलं.

मुद्दाम न्हाई. त्या दिवशी भराभर भरत होते, नाव, बापाचं नाव, आईचं नाव. बोटांनी जे नाव माहीत होतं ते लिहिलं. सुभद्रा माझी आई, मी चौदा महिन्यांची असताना गेली. तिचा एक फोटो पण न्हाई. बाप दुसरं लग्न करून वाटूरकडं गेला तो गेला. मला मेंढरामागं पाठीला बांधून काकूनं वाढवलं. शाळेत घालताना मास्तरनं विचारलं, आईचं नाव? तर काकूनंच सांगितलं, सुभद्रा. स्वतःचं सांगितलं न्हाई. जावेचं नाव पुसायचं न्हाई म्हणली. नवरा सोडून मी परत आले तेव्हा सगळ्या गल्लीनं कारण विचारलं, तिनं फक्त जेवलीस का विचारलं.

सोमवारी मी दुरुस्तीचं पान उघडलं. काकू बाजूच्या खुर्चीवर शेंगा सोलत बसल्ती. रकान्यावर आले. ती म्हणली, काय करून राह्यलीस? म्हणलं, काही न्हाई. तिला वाचता येत न्हाई गंधे. तिच्या डोळ्यासमोर मी तिचं नाव खोडलं असतं, तरी तिला कळलं नसतं. ते मला जमलं न्हाई. तिची नजर चुकवून केलं असतं तर एक वेळ केलं असतं.

इतक्या वर्षांत एका सरकारी कागदावर ती माझी आई झाली. मी विचार केला, राहू दे. पडताळणीच्या वेळी प्रतिज्ञापत्र देईन, चुलतीनं वाढवलंय म्हणून. साहेब लोक पण माणसंच असतात.

मला शिव्या देऊ नको. आज टायपायची इच्छा पण न्हाई.

अंजू

•

पुणे, ८ ऑगस्ट २०२५, दुपार

अंजे,

शिव्या देणारच.

जाहिरातीचा नियम अठरा वाचलास का? प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरणार नाही, ठळक अक्षरांत लिहिलंय. साहेब माणूस असला तरी त्याच्यासमोरची यादी माणूस नाही. तुझ्या जागी दुसऱ्याचं नाव लागेल आणि तू पुढची वीस वर्षं लोकांच्या शेळ्या भरत बसशील. काकूंना हे आवडेल असं वाटतं तुला?

आणि मी पण साधी नाही. मला काल हे वाचून ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडावं लागलं, ते तुझ्या खात्यावर. पण पाच वाजता खिडकी बंद होतेय, रडू नंतरही येईल.

ओटीपी तुझ्या मोबाइलवर जातो, नाहीतर मीच इथून केलं असतं. सकाळपासून सहा फोन केले, उचलत नाहीस. आता सेंटरच्या नंबरवर लावतेय. तिथं जो उचलेल त्याला सगळं सांगेन, मग तो अप्पाराव का असेना.

गंधाली

•

टेंभुर्णी, ८ ऑगस्ट २०२५, सांज

गंधाली पोरी,

हे पत्र गोपिकाबाईचं हाय. मी सांगून राह्यले अन् अंजू टायपून राह्यली. मधी काही गाळलं तर मला कळतं, खडखड कमी होती.

तुझा फोन मीच उचलल्ता. अंजू चहा आणायला गेल्ती. तू बोलत व्हतीस तर आधी मला वाटलं कुणी बँकेचं हाय, ठेवूनच देणार व्हते. मंग तू रडायला लागलीस तवा समजलं की ओळखीचं हाय.

अंजू आली. तिला म्हणलं, उघड ते बोकडाचं. ती म्हणली, काकू, राहू दे. म्हणलं, उघड, न्हाईतर अडतीस लेकरांना बोलावते. उघडलं. कुठं हाय माझं नाव म्हणलं. तिनं बोट ठेवलं. माझं नाव असं दिसतं हे मी पयल्यांदा बघितलं. बरं दिसतं. लांब हाय.

मंग म्हणलं, हे कसं काढायचं? तर ती हात मांडीवर धरून बसली. घड्याळात चार वाजून गेल्ते. दारात तो कारभारी उभा, शिवकन्या उभी. मी शिवकन्याला इचारलं. तिनं एक कळ दाखवली. म्हणली, ही दाबली की एक एक अक्षर जातं.

मीच दाबली. एकेक करून सगळी घालवली. मला वाचता येत न्हाई, म्हणून मला काही लागलं न्हाई. लिही अंजू, लागलं न्हाई. तिला वाचता येतं, म्हणून ती रडली. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला अन् म्हणलं, आता सुभद्राचं लिही. तिनं लिहिलं. मोबाइलवर आकडा आला, तो बी तिनं घातला. पाचाला चोवीस मिनिटं बाकी व्हती. हिरवी खूण आली. तू तिकडून बघून घे, मला फोन कर. अंजूला नको करू, ती उचलत न्हाई.

तू म्हणशील म्हातारीला वाईट वाटलं असंल. वाटलं. खोटं कशाला सांगू. ते नाव तिनं कुणी न सांगता लिहिलं, हे मला तुझ्याकडून कळलं. ती मला एवढ्या वर्षांत कधी बोलली न्हाई अन् मी बी इचारलं न्हाई. आमच्यात असलं बोलायची रीत न्हाई. आता कळलं, बास झालं.

सुभद्रा माझ्या मांडीवर गेली. जाताना म्हणली व्हती, पोरीला सांभाळ. तिचं नाव कागदावर पाहिजे. तिच्यापाशी दुसरं काहीच न्हाई. माझ्यापाशी पोरगी हाय.

अंजू थांबलीय. टायप म्हणलं तर डोळे पुसून राह्यली. म्हणती, हे नको लिहायला. लिही म्हणलं. एवढं लिही अन् खाली माझं नाव लिही. तिनं इचारलं, गोपिकाबाई लिहू का काकू लिहू?

तुला लिहायचं ते लिही म्हणलं.

आई